कोरी खूणपट्टी

१

बुधवारी सकाळी साडेदहाला महसूल कचेरीच्या रेकॉर्ड रूममधून एक वही नाहीशी झाल्याचं उघडकीला आलं आणि पावणेअकराला मोठ्या बाईंच्या घरचा फोन खणखणला. मधली पंधरा मिनिटं त्यांच्या लेकीने, आईला कळवावं की कळवू नये, या विचारात घालवली होती.

"आई, याच्या रेकॉर्डमधली मोजणीवही गेली," लेक म्हणाली. याच्या म्हणजे तिच्या नवऱ्याच्या. तो तिथला रेकॉर्डकीपर. "परवा अपिलाची सुनावणी आहे. तू जाऊन बघतेस का? आणि मी सांगितलं असं म्हणू नकोस. 'आईंना कळवू नकोस' म्हणून त्याने दोनदा बजावलंय."

"मग मी तिथे कशाला आले म्हणून सांगू? वारा खायला?"

"तुला काय, तू कुठेही कशालाही जातेस."

हे मात्र खरं होतं. मोठ्या बाईंनी त्या कचेरीत एकतीस वर्षं काढली होती. आधी नकला करणाऱ्या कारकून म्हणून आणि मग रेकॉर्डकीपर म्हणून. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी एखादा कागद सापडेनासा झाला की लोक आधी त्यांची आठवण काढत आणि मग कपाट उघडत. निरोपाच्या दिवशी मिळालेलं मानपत्र बाईंनी जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर लावलं होतं. 'एकतीस वर्षांच्या सेवेत एकही चूक नाही' हे त्यातलं वाक्य पाहुण्याला पहिल्या घासालाच दिसावं, अशी त्यांनी चोख व्यवस्था केली होती. जावई दर रविवारी त्या वाक्यासमोर बसून जेवायचा. स्वतःच्या लग्नाची तारीख तो एकदा विसरला होता, पण मानपत्र त्याला तोंडपाठ होतं.

जावई मुळात बाईंचाच चेला. शिकाऊ म्हणून हाताखाली आला, दप्तर बांधायला शिकला, एकदा बाईंची विसरलेली छत्री द्यायला घरी आला आणि पुढे छत्री विसरलेली नसतानाही येऊ लागला. कचेरीत 'बाई' आणि घरी 'आई' असा नियम त्याने स्वतःच स्वतःला घालून घेतला होता आणि तो कधी मोडला नव्हता.

बाईंनी चष्म्याचं घर पर्समध्ये टाकलं आणि निघाल्या. खरं सांगायचं तर त्यांना जरा बरंच वाटत होतं. निवृत्तीनंतर माणसाला सकाळी कुठेतरी घाईने जायला मिळणं ही काही लहानसहान गोष्ट नाही.

२

जावई दारातच उभा होता. सासूला बघून त्याचा चेहरा पडला. बाईंनी ते पाहिलं आणि नोकरीच्या धसक्याच्या खात्यावर टाकून दिलं.

"बाई, तुम्ही कशाला आलात?"

"वारा खायला. कुठली वही?"

वही रोपवाल्या ताईंच्या जमिनीची होती. ताईंची शहराच्या कडेला रोपवाटिका. रस्त्यालगत लांबलचक जमीन, तिच्या उत्तर टोकाला विहीर. नव्या महसूल अधिकाऱ्यांनी नकाशा पाहून हुकूम काढला होता की विहिरीची पट्टी सरकारी रस्त्यात येते, ती सोडा. रोपवाटिकेची विहीर गेली म्हणजे रोपवाटिकाच गेली. ताईंनी कोर्टात अपील केलं आणि कोर्टाने तेहतीस वर्षांपूर्वीची मूळ मोजणीवही मागवली. तीच गेली होती. वही आली नाही तर हातातल्या नकाशावरच निकाल लागणार, आणि नकाशात विहीर रस्त्यात होती.

"नीट सांगा," बाई म्हणाल्या.

"सोमवारी मी वही काढली. मंगळवारी इथे तिघे येऊन गेले. नवे साहेब, नक्कल विभागाचे आपले उद्याराव, आणि साखळीकाका. आज वही जागेवर नाही." जावई एकेक शब्द मोजून बोलत होता, आणि बोलताना फरशीकडे बघत होता.

"आणि त्या वहीवरून केलेली पक्की नक्कल? नकाशा काढायला वापरतात ती?"

"अपिलाच्या फाइलबरोबर कोर्टात गेली."

बाईंनी खोलीत पाऊल टाकलं. छतापर्यंत लोखंडी मांडण्या, कचेरीच्या भाषेत घोडे, त्यांवर लाल कापडात बांधलेली दप्तरं, खिडकीपाशी त्यांचं जुनं टेबल. भिंतीवर त्यांच्याच हाताने लिहिलेले नियम अजून होते. रेकॉर्ड खोलीबाहेर जात नाही. खाडाखोड करताना जुनं वाचता आलं पाहिजे, आणि दुरुस्तीवर दोघांच्या सह्या लागतात. मोजणीवही खालून वर वाचावी. आणि शेवटचा, ज्याला सगळी कचेरी हसायची: वही काढली की त्या जागी पुठ्ठ्याची खूणपट्टी उभी करावी, तिच्यावर काय काढलं, कोणी, कशासाठी आणि परत कधी, हे लिहावं. पट्टी नसली की शेजारच्या वह्या कलंडतात आणि त्यांचे कणे मोडतात.

बाई तिसऱ्या घोड्यापाशी गेल्या. दप्तर सोडलेलं होतं. दोन जाड वह्यांच्या मध्ये, बरोबर हरवलेल्या वहीच्या जागी, एक खूणपट्टी ताठ उभी होती.

त्यांनी ती ओढून काढली. पुढे कोरी, मागेही कोरी.

"चोर चांगला वळणाचा दिसतो," बाई म्हणाल्या. "वही नेली, पण शेजारणी पडू नयेत म्हणून पट्टी ठेवून गेला. फक्त नाव लिहायला लाजला."

जावई दप्तराची सुटलेली गाठ पुन्हा बांधू लागला.

३

नवे साहेब खरोखरच नवे होते. टेबलावरची पाटी सुद्धा अजून चकचकीत होती. बाईंना बघून ते उठून उभे राहिले, त्यामुळे बाईंनी त्यांचे निम्मे गुन्हे तिथेच माफ केले.

"साहेब, मंगळवारी रेकॉर्डमध्ये कशाला गेला होतात?"

"वही बघायला. माझा पहिलाच हुकूम आहे हो. अपिलात चूक निघायची असेल तर आधी मलाच कळलेली बरी, म्हणून गेलो. रेकॉर्डकीपर म्हणाले, आज नको, जरा काम आहे. मी परत आलो."

"दप्तर सोडलंत?"

"मला ते बांधता येत नाही. एकदा सोडलं होतं तर तुमचे जावई आठवडाभर माझ्याशी बोलले नव्हते."

साहेब खोटं बोलत नव्हते. त्यांच्या टेबलावर अपिलाचे कागद उघडे होते आणि समासात त्यांनीच पेन्सिलने प्रश्नचिन्हं काढली होती. वही दडपणारा माणूस स्वतःच्या हुकमावर प्रश्नचिन्हं काढत बसत नाही.

उद्याराव नक्कल विभागात पेंगत होते. कोणीही काहीही मागितलं की 'उद्या या' म्हणायचं, या एका वाक्यावर त्यांची अख्खी नोकरी चालली होती. खरं नाव त्यांचं त्यांनाही आठवत असेल की नाही कोण जाणे.

"वही तुम्ही नेलीत का?" बाईंनी सरळ विचारलं.

"बाई, मी आजवर मागितलेली वही नेऊन दिली नाही. न मागितलेली कशाला नेऊ?"

हा पुरावा कोणत्याही कोर्टात टिकला असता. शिवाय उद्यारावांनी जन्मात कधी खूणपट्टी ठेवली नव्हती. बाईंनी त्यासाठी त्यांना तीन मेमो दिले होते आणि तिन्ही मेमोंना 'उद्या उत्तर देतो' असं उत्तर आलं होतं.

बाई वळल्या तशी उद्यारावांनी जांभई अर्ध्यावर थांबवली. "तुमच्या जावयाची तब्येत बरी आहे ना? सोमवारी मी त्याच्याकडे चहा घेऊन गेलो. खिडकीपाशी ती वही आणि ती नक्कल शेजारी शेजारी ठेवून बसला होता. वहीवरून बोट खालून वर न्यायचा, नकलेवरून वरून खाली. पुन्हा तेच. चहावर साय धरली तरी प्यायला नाही. मी म्हटलं, काय झालं रे? तर मला म्हणतो, 'उद्या सांगतो.'" उद्याराव दुखावले होते. "माझंच वाक्य मला!"

४

साखळीकाका म्हणजे जुने मोजणीदार. आयुष्यभर मोजणीची लोखंडी साखळी खांद्यावर टाकून हिंडले म्हणून हे नाव. दार काकूंनी उघडलं आणि बाईंना आत घेता घेता तक्रार सुरू केली.

"बरं झालं आलात. यांना काहीतरी सांगा. कालपासून जेवण नाही की बोलणं नाही. आणि ही बघा सामानाची यादी!" त्यांनी एक कागद पुढे केला. "सगळ्यात आधी काय आणायचं ते सगळ्यात खाली लिहितात. चाळीस वर्षं झाली, मी यादी पायाकडून वाचतेय. नवीन दुकानदाराला वाटतं बाई चक्रम आहे."

"मोजणीदार तसंच लिहितो," काका आतून म्हणाले. "आपण चालायला लागतो ती जागा आपल्या पायाशी. पुढची वाट वर. वहीत पहिली ओळ तळाला, शेवटची डोक्याला. त्यात चक्रमपणा काय?"

पण आवाजात जोर नव्हता. काका खिडकीपाशी बसले होते आणि एरवी हत्तीसारखा डुलणारा माणूस अंग चोरून बसला होता.

"काका, काल रेकॉर्डमध्ये कशाला गेला होतात?"

"साक्षीला बोलावलंय मला परवा. म्हटलं, वही एकदा बघून यावी. पण जावई तुमचा म्हणाला, आत्ता नको." काकांनी खिडकी लोटून घेतली. "बाई, तुम्हाला सांगतो, दुसऱ्या कोणाला सांगू नका. वकिलांनी मला तो नकाशा दाखवला. खाली सही माझी. पण ती जमीन मी मोजलेली नाही."

"म्हणजे?"

"मी दक्षिणेच्या दगडापासून निघालो होतो. ऊन असं, की साखळी हाताला चटके देत होती. रस्त्याच्या कडेने सरळ गेलो, सरळ गेलो, आणि शेवटी, अगदी शेवटी, जमीन डावीकडे रस्त्याच्या अंगाला बाहेर येते. तिथे विहीर. मोजणी संपवून मी त्या विहिरीचं पाणी प्यालो होतो. ते पाणी मला अजून आठवतं. आणि नकाशात जमीन सुरुवातीलाच बाहेर आलीय, विहिरीपाशी सरळ आहे." त्यांनी कपाळावर हात ठेवला. "सही तर माझीच आहे. मग डोकं गेलं असणार माझं. विहीर होती की नव्हती, पाणी प्यालो की नाही, आता मला खात्री नाही. परवा कोर्टात उभा राहून काय सांगू?"

काकूंनी पदराने डोळे टिपले आणि लगेच, "बघा, असं कालपासून चाललंय," असं रागावल्यासारखं म्हणाल्या.

बाईंच्या हातात ती सामानाची यादी अजून तशीच होती. त्यांनी ती वरून खाली वाचली. मग खालून वर वाचली.

"काका, तुमचं डोकं शाबूत आहे," त्या हळू म्हणाल्या. "कोणीतरी तुमची वही वरून खाली उतरवून काढली. पहिलं ते शेवटी गेलं आणि शेवटचं पहिलं झालं. म्हणून विहिरीपाशी जमीन बाहेर येते तो बाक दक्षिणेला जाऊन बसला, आणि तयार नकाशावर तुम्ही विश्वासाने सही केलीत. एखादा नवखा कारकून असणार. कोण गाढव होता, ते मी आज संध्याकाळच्या आत काढते बघा."

५

नक्कल कोर्टात गेली होती खरी, पण तिची एक छायाप्रत रोपवाल्या ताईंकडे असणारच. बाई रिक्षाने रोपवाटिकेत गेल्या. ताई मातीच्या हातांनीच बाहेर आल्या. मागे कुंड्यांच्या रांगा, आणि रांगांच्या टोकाला ती विहीर. काठ झिजलेला, बादलीच्या दोराने दगडाला खाच पडलेली.

"माझ्या वडलांनी खणली," ताई म्हणाल्या. "परवा काय होईल हो? मी रोपं विकायची थांबवलीत. रोप नेणारा विचारतो, मेलं तर परत आणू का? मी पुढच्या महिन्यात इथे असेन की नाही, कसं सांगू?"

त्या आत जाऊन छायाप्रत घेऊन आल्या. बाई विहिरीच्या काठावर टेकल्या आणि कागद उघडला.

वरून खाली उतरवलेल्या ओळी होत्या. पहिल्याच ओळीत विहिरीचा बाक. अक्षर गोल, सुबक, शाळेच्या फळ्यावर शोभावं असं. 'ळ'ला उगाच एक लांब शेपटी. तळाशी नकलाकाराची लहानशी सही, दोनच अक्षरांची.

बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. शेपटी गेली नाही.

ती दोन अक्षरं त्यांच्या माहेरच्या नावाची होती.

तेहतीस वर्षांपूर्वी त्यांना नोकरीला लागून जेमतेम सहा महिने झाले होते. मोजणीवही खालून वर वाचतात हे त्यांना कळलं ते पुढच्या वर्षी, याच साखळीकाकांकडून, आणि कळल्यावर त्या इतक्या हसल्या होत्या की लगेच नियम करून भिंतीला लावला होता. त्याआधी आपण कितीशा नकला केल्या, हे मागे वळून बघायचं मात्र राहून गेलं होतं.

गाढव सापडलं होतं. संध्याकाळ व्हायला अजून पुष्कळ वेळ होता.

"काय झालं, बाई? पाणी देऊ?" ताईंनी विचारलं.

"द्या," बाई म्हणाल्या. ते पाणी खरंच फार गोड होतं.

परतीच्या रिक्षात त्यांना एकेक गोष्ट उलगडत गेली. माहेरचं नाव आता कचेरीत कोणाला आठवत नव्हतं. पण रोज त्यांच्या जुन्या रजिस्टरांवर काम करणारा एकच माणूस त्या 'ळ'च्या शेपटीला ओळखत होता. शेजारच्या वह्यांचे कणे सांभाळणारा कचेरीत एकच माणूस उरला होता. आणि तो सकाळी त्यांच्याशी खोटं असं एकही वाक्य बोलला नव्हता. सोमवारी वही काढली म्हणाला. परत ठेवली असं म्हणालाच नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा घालून बाई आल्या होत्या.

६

रेकॉर्ड रूममध्ये जावई एकटाच होता. बाई आपल्या जुन्या टेबलापाशी बसल्या.

"मला एक फाइल हवी आहे."

"कुठली, बाई?"

"माझी. माझ्या नोकरीची. निवृत्त माणसांच्या फाइली तळघोड्यावर असतात ना?"

जावई हलला नाही.

"वही तुम्ही जाळली नाहीत, कारण तुमचा हातच धजणार नाही," बाई म्हणाल्या. "घरी नेली नाहीत, कारण रेकॉर्ड खोलीबाहेर जात नाही. आणि चांगला रेकॉर्डकीपर कागद कुठेही कोंबत नाही. जिथला असेल तिथेच ठेवतो. ही चूक माझी, मग वही माझ्याच फाइलीत असणार. मी तुमच्या जागी असते तर तिथेच ठेवली असती. मीच शिकवलंय ना."

तो तळघोड्याकडे गेला, वाकला आणि फाइल घेऊन आला. मधोमध ती जुनी मोजणीवही होती, पातळ कागदात गुंडाळलेली.

"आई," तो म्हणाला. कचेरीत पहिल्यांदाच. "नक्कल कोणी केली ते कोर्टात विचारतील. नकलांच्या रजिस्टरात तुमचं माहेरचं नाव आहे. ते कोणाचं, हे मला सगळ्यांदेखत सांगावं लागेल. लोक आजही नवीन मुलांना सांगतात, मोठ्या बाईंसारखं काम करा. मला ते बघवलं नसतं."

"आणि विहीर?"

"दोन रात्री मला तीच दिसतेय. पट्टीवर काय लिहू तेही सुचलं नाही. खोटं लिहिता येईना आणि खरं लिहवेना."

बाईंना रागावायचं होतं. निदान पाऊण तास पुरेल इतकं त्यांनी रिक्षात जुळवून आणलं होतं. पण समोर तो मान खाली घालून उभा राहिला, त्या छत्रीच्या दिवशी उभा राहिला होता तसाच, आणि बाईंचं सगळं भाषण वितळलं. पोटच्या लेकीनेही आपल्यासाठी एवढा मोठा मूर्खपणा केला नसता, असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी ते तसंच बोलूनही दाखवलं.

"मूर्ख आहात तुम्ही," त्या म्हणाल्या. "माझं नाव म्हणजे काय भिंतीवरचं मानपत्र आहे? साखळीकाका घरात बसून स्वतःला वेडं समजताहेत. ताईंनी रोपं विकायची थांबवलीत. आणि आपण दोघं इथे माझ्या नावाला जपत बसलोय." त्यांनी पर्समधून रुमाल काढून त्याच्याकडे सरकवला आणि मग स्वतःलाच लागेल म्हणून परत घेतला. "वही साहेबांकडे आत्ताच न्या. कुठे होती आणि कोणी ठेवली, तेही आत्ताच सांगा. परवा मी कोर्टात येते."

"तुम्हाला साक्षीला बोलावलेलं नाही."

"मला कुठे कधी बोलवावं लागलंय?"

७

शुक्रवारी अकराला कोर्टाची खोली भरलेली होती. न्यायाधीश बाई चष्म्याच्या वरून सगळ्यांकडे बघत होत्या. नव्या साहेबांनी वही पुढे ठेवली. ती कशी सापडली, असं न्यायाधीशांनी विचारलं, तेव्हा जावई उठला आणि "मी लपवली होती," एवढंच म्हणाला.

खोलीत कुजबुज उठली. "का?" न्यायाधीशांनी विचारलं.

उत्तर देण्याआधीच मागून आवाज आला. "माझ्यामुळे. परवानगी असेल तर पुढे येऊन सांगते."

मोठ्या बाई पुढे आल्या. त्यांनी उजव्या हाताला वही ठेवली, डाव्या हाताला नक्कल.

"बाईसाहेब, ही वही खालून वर वाचा. हा दक्षिणेचा दगड, इथून मोजणीदार निघाला. सरळ, सरळ, आणि शेवटी डावीकडे बाक. तिथे विहीर. आता ही नक्कल. पहिल्याच ओळीत बाक. वही वरून खाली उतरवल्यामुळे असं झालं. नक्कल मी केली आहे, सही माझ्या माहेरच्या नावाची आहे, आणि चूक माझी आहे. मोजणीदाराची नाही, या साहेबांचीही नाही. त्यांनी माझ्या कागदावर विश्वास ठेवला."

न्यायाधीशांनी वहीच्या तळाला बोट ठेवलं आणि सावकाश वर नेलं. वरच्या ओळीपाशी बोट थांबलं. मग त्यांनी साखळीकाकांना विचारलं, मोजणी कुठे संपली?

"विहिरीपाशी!" काका खुर्चीतून जवळजवळ उडालेच. "पाणी प्यालो मी तिथे! डोकं ठिकाणावर आहे माझं!"

"ते वेगळं," मागून काकू म्हणाल्या, आणि न्यायाधीशांनाही हसू आवरलं नाही.

नव्या साहेबांनी आपल्या हुकमाच्या बाजूने एक शब्दही काढला नाही. हुकूम रद्द झाला, पट्टी आणि विहीर ताईंची ठरली, आणि नकाशा नव्याने काढायला सांगितला. जावयाला न्यायाधीशांनी सगळ्यांदेखत खडसावलं आणि लेखी ताकीद द्या म्हणून कचेरीला कळवलं. ताकिदीचा कागद त्याच्या फाइलीला नीट लावला जातो की नाही, हे बाई स्वतः जाऊन बघणार होत्या. माया आपल्या जागी आणि फाइल आपल्या जागी.

बाहेर व्हरांड्यात ताईंनी बाईंचे दोन्ही हात धरले. मग त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्ही गप्प बसला असतात तरी कोणाला कळलं नसतं."

"मला कळलं असतं ना," बाई म्हणाल्या. "आणि मी फार बोलते, हे घरात कोणालाही विचारा."

उद्याराव खांबाला टेकून उभे होते. कोर्टाच्या निकालाची नक्कल आजच्या आज करून द्यायला ते स्वतःहून आले होते. कचेरीच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडत होतं, पण त्या गडबडीत कोणाचं लक्षच गेलं नाही.

८

रविवारी जावई जेवायला आला तो जरा बिचकतच. टेबलाशी बसला, सवयीने मान वर केली आणि थबकला. मानपत्राच्या जागी भिंतीवर नुसता खिळा होता, आणि खिळ्याला एक खूणपट्टी टांगलेली होती. ही कोरी नव्हती. काय काढले: मानपत्र. कोणी काढले: मी. कशासाठी: दुरुस्ती. परत कधी: जावई जेवायला येतील तेव्हा.

बाई स्वयंपाकघरातून आल्या आणि काच काढलेली चौकट त्याच्या पुढ्यात ठेवली. 'एकही चूक नाही' या शब्दांवरून एक बारीक रेघ मारलेली होती, खालचं वाचता येईल अशी. वर त्याच गोल अक्षरात लिहिलं होतं: 'एक चूक. तेहतीस वर्षांनी सापडली.' शेजारी त्यांची सही आणि तारीख.

"आई, हे काय केलंस?" लेक ओरडली. "चांगलं मानपत्र होतं!"

"अजून चांगलंच आहे. फक्त दुरुस्तीवर दोघांच्या सह्या लागतात," बाई म्हणाल्या आणि जावयापुढे पेन धरलं. "तुमची बाकी आहे."

जावयाने पेन हातात घेतलं. रेघेखालचं आणि रेघेवरचं दोन्ही त्याने वाचलं. मग त्याने घसा खाकरला.

"बाई, सही कुठे करू?"

घरात तो त्यांना पहिल्यांदाच बाई म्हणाला होता. बाईंनी बोट ठेवून जागा दाखवली, आपल्या सहीच्या अगदी लागून. त्याने सही केली, तारीख घातली आणि शाई वाळेपर्यंत कागदावर हळूच फुंकर घातली. मग उठून चौकट खिळ्याला लावली, मागे सरून ती सरळ आहे का ते पाहिलं, आणि खूणपट्टी घडी न पाडता खिशात ठेवली.

"चला, आता वाढा," तो म्हणाला. "भूक लागलीय, आई."